तोळाभर उजेड

रत्नागिरीतली जुनी माणसं मला अजून 'बारवाल्या वहिनी' म्हणतात. गावात नव्याने बदलून आलेल्या एका मास्तरीणबाईंनी तर भीतभीतच विचारलं होतं, "तुमच्याकडे शिकारीचा नाद होता का हो?" मी जन्मात बंदुकीला हात लावलेला नाही. मी बार उडवले ते माणसांसमोरच, पण त्यांचे फोटो काढण्यासाठी. त्यात कुणी दगावलं नाही. फार तर भुवया करपल्या, त्याही बहुतेक माझ्याच.

आमचा स्टुडिओ धक्क्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर होता. उत्तरेकडच्या छपरात कौलांऐवजी काचा बसवलेल्या होत्या आणि खाली पांढरे-निळे पडदे होते. ऊन असलं की पडदे सरकवून हवा तेवढा उजेड घ्यायचा. हे काम आमच्या ह्यांचं. ह्यांच्यासारखा पडदा सरकवणारा माणूस मी पाहिला नाही. गिऱ्हाईक खुर्चीवर बसलं की हे त्याच्याभोवती एक फेरी मारायचे आणि म्हणायचे, "नाकाची ही बाजू तुमची चांगली." माणसं घरी जाऊन आरशात ती बाजू शोधत बसायची.

पण लोकांना घरात फोटो हवे असायचे. आजारी म्हातारी उठू शकत नाही, बाळंतीण बाहेर पडू शकत नाही, शिवाय पावसाळ्यात तर आमच्या काचेच्या छपराचा काही उपयोग नसे. तिथे उजेड बरोबर न्यावा लागे. तो बाटलीत मिळायचा. मॅग्नेशियमची करडी पूड एका बाटलीत, तिला पेटवणारा पांढरा क्षार दुसऱ्या बाटलीत. दोन्ही आयत्या वेळी कागदावर घेऊन कोंबडीच्या पिसाने हलकेच एकत्र करायची. खलबत्त्यात घातली तर खलबत्ताही जायचा आणि खलणाराही. मग ते मिश्रण लांब दांड्याच्या पत्र्यावर पसरायचं, दांडा डोक्यावर धरायचा, कॅमेऱ्याचं झाकण काढायचं आणि चाप ओढायचा. ठिणगी पडायची, भप्पकन पांढरा लोळ उठायचा, झाकण परत लावायचं. झाला फोटो. त्यानंतर खोलीभर धूर. लगेच दुसरा फोटो घेता यायचा नाही, सगळ्यांनी खोकत बाहेर पळायचं.

हे काम माझ्याकडे आलं त्याचं कारण साधं होतं. आमच्या ह्यांना बाराची धास्ती. चाप ओढायच्या आधीच हे डोळे मिटायचे आणि डोळ्यांबरोबर हातही हलायचा. एकदा ह्यांनी एका वकीलसाहेबांऐवजी त्यांच्या छताचा उत्तम फोटो काढला. त्या दिवशी घरी आल्यावर मी म्हटलं, "अहो, तुम्ही झाकण काढा, दांडा मी धरते." ह्यांनी एवढ्या तत्परतेने माझं क्वचितच काही ऐकलं असेल.

बार धरणं सोपं. पूड किती घ्यायची हे अवघड. लोक म्हणायचे, "वहिनींचा हात स्वयंपाकाचा, मीठ टाकतात तशी पूड टाकतात." मला त्याचा राग यायचा. मी सोनाराचा काटा आणला होता आणि त्याचीच वजनं लावून पूड तोलत होते, आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. एका माणसाचा छातीपर्यंतचा फोटो असेल तर मासाभर पुरे. बार दुप्पट लांब गेला तर पूड दुप्पट नाही, चौपट लागते. चुन्याने सारवलेली भिंत उजेड परत देते, चुलीच्या धुराने काळी झालेली भिंत तो गिळून टाकते. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पूड जितकी जास्त तितका तिला जळायला वेळ लागतो. मासाभर पूड पापणी लवायच्या आत जळून जाते. अर्धा तोळा जळेपर्यंत माणूस डोळे मिटून देवाचं नाव घेऊन मोकळा होतो, आणि फोटोत ते सगळं येतं.

हे सगळं मला नीट कळत होतं, तरी आमचं नाव झालं ते भलत्याच फोटोमुळे.

गावात एक फौजदार होते. धिप्पाड, काळेकभिन्न, आवाज असा की कोर्टाबाहेरचे कावळे उडायचे. त्यांना बढती मिळाली म्हणून घरातल्या सगळ्यांचा फोटो काढायचा ठरला. मी आदल्या आठवड्यात जाऊन दिवाणखाना बघून आले होते आणि त्याप्रमाणे पूड तोलून पत्र्यावर पसरली. मी दांडा उचलायला वळले तेवढ्यात ह्यांना वाटलं, खोली मोठी आहे, माणसं बरीच आहेत, आणि ह्यांनी कागदावर उरलेली पूडही त्यात झटकून टाकली. शिवाय फौजदारांनी बढतीच्या आनंदात भिंतींना ताजा चुना काढला होता. मी चाप ओढला आणि क्षणभर मलाच वाटलं, सूर्य फौजदारांच्या दिवाणखान्यात आला.

फोटो तेव्हा काचेवर उतरायचा; ती धुऊन कागदावर छापून बघतो तर सगळं कुटुंब पिठात बुडवून काढल्यासारखं. नाकं गेली, ओठ पुसटले, चेहऱ्यांवर नुसते भुवयांचे काळे फराटे. हे म्हणाले, "आता आपल्याला आत टाकणार." फोटो घेऊन मीच गेले. फौजदारांनी तो खिडकीशी नेला, बराच वेळ पाहिला आणि आतल्या दाराकडे वळून हाक मारली, "आई, इकडे ये. बघ, आपण सगळे गोरे झालो."

त्यांनी तो फोटो बाहेरच्या खोलीत लावला. त्या खोलीत अर्धं रत्नागिरी येऊन जायचं. महिन्याभरात लोक स्टुडिओत येऊन म्हणायला लागले, "वहिनी, आमचा पण फौजदारी फोटो काढा." मी नाना परीने समजावलं की तो फोटो बिघडलेला आहे. कुणी ऐकेना. शेवटी मी नाद सोडला आणि मागेल त्याला दोन गुंजा पूड जास्त घालू लागले.

तर असा फौजदारी फोटो मागायला हेदवीचे दामूशेठ आले.

दामूशेठांचा सुपारीचा व्यापार होता, दशभुजा गणपतीच्या वाटेवर घर आणि मागे पोफळींची बाग. बोलण्यात मोठे मानी. स्टुडिओत आले ते आधी मुंबईचा बाजार, मग हवापाणी, मग बोटीची गर्दी असं बोलत राहिले. हे आत गेल्यावर खुर्ची माझ्याकडे सरकवून हळूच म्हणाले, "वहिनी, मुलीचा काढायचा आहे. मुंबईला दाखवायला. स्थळ चांगलं आहे."

"मग तिला इकडेच घेऊन या. काचेखाली सुरेख येईल."

"नाय हो, इकडे नको. बोटीवर चार माणसं विचारतील, कुठे नेताय म्हणून. आणि घरी पण अंगणात नको, सगळ्या वाडीला कळेल. माजघरात काढायचा. बारावर." त्यांनी आतल्या दाराकडे एकदा बघून घेतलं. "लहानपणी तिला देवी आल्या होत्या. तोंडावर वण आहेत. बार जरा मोठा करा. फौजदारांच्या आईचं वय कसं गेलं, तसं हिचं तेवढं जाऊ दे."

आम्ही बोटीने जयगडला उतरलो, होडीने खाडी ओलांडून तवसाळला गेलो आणि तिथून बैलगाडीने हेदवीला. दोन बाटल्यांपैकी एक ह्यांच्याकडे, एक माझ्याकडे. प्रवासात आम्ही शेजारी बसायचो नाही. होडीत एका बाईने मला विचारलंसुद्धा, "भांडलात का गो?"

दामूशेठांच्या मुलीचं नाव कुसुम. मी तिला पाहिलं ते चहा घेऊन आली तेव्हा. वण होते, लपण्यासारखे नव्हते. गालांवर, कपाळावर, एक नाकाच्या शेंड्यावर. पण तिचे डोळे असे हसरे होते की दुसऱ्या मिनिटाला मी तिच्याशी बोलत होते आणि वणांकडे बघायचं विसरले होते. तिने काटा उचलून बघितला, पिसाला हात लावला आणि विचारलं, "ह्याने पूड मोजता? मग तुमचा उजेड सोन्याच्या भावाने जायचा."

माजघर ठेंगणं, भिंती धुराने काळवंडलेल्या. वर माळ्यावर नारळाची सोडणं, म्हणजे वाळक्या साली, रचलेली. एका ठिणगीत पेटली असती. मी आधी ती सगळी काढायला लावली. दामूशेठांची आई कोपऱ्यात पाटावर बसून हे बघत होती. ती म्हणाली, "दामू, फोटो काढताहेत की घर रिकामं करून घेताहेत?"

मी दीड मासा पूड तोलली. भिंत काळी, म्हणून तो अर्धा मासा जास्त. दामूशेठ काट्यावर वाकून उभे होते.

"एवढीशी?"

"पुष्कळ झाली. ती जवळ बसणार, बार जवळ धरणार."

"वहिनी, तोळाभर घाला."

"तोळ्यात दहा-वीस माणसं निघतात, शेठ. एका मुलीवर तोळा उडवला तर मुलगी दिसायचीच नाही."

"पोरीला सोनं तोळ्याने घालायचं आणि उजेड माशाने?" दामूशेठ चिडले. "मी एवढ्या लांबून तुम्हाला आणलं ते कशासाठी? वण येता कामा नयेत."

कुसुमची आई दाराआड उभी होती. कुसुम समोर बसली होती, हिरवं लुगडं, नाकात नथ. तिने माझ्याकडे पाहून विचारलं, "वहिनी, किती पूड घातलीत तर मी दिसेन?"

"गप गो," दामूशेठ म्हणाले.

मी दामूशेठांना म्हटलं, "दोन फोटो काढू. पहिला तुमच्या म्हणण्याप्रमाणे. तोळा मी घालणार नाही, छप्पर तुमचं असलं तरी डोकं माझं त्याच्याखाली आहे. अर्धा तोळा घालते. दुसरा माझ्या मनासारखा. दोन्ही तुमच्याकडे पाठवते, काय ते तुम्ही ठरवा." ते पुटपुटत कबूल झाले.

पहिला बार मी कॅमेऱ्याच्या अगदी डोक्यावरून, समोरून सोडला. समोरून आलेला भरपूर उजेड चेहऱ्यावरच्या सगळ्या सावल्या खाऊन टाकतो. वण म्हणजे शेवटी सावल्याच. माजघर लख्ख पांढरं झालं, आजी "अगो बाय!" म्हणून ओरडली, आणि धुराच्या ढगातून आम्ही सगळे मागच्या दाराने बागेत पळालो. बाहेर येऊन बघतो तर वरून पडलेली पांढरी राख सगळ्यांच्या केसांवर. दामूशेठ घटकेत म्हातारे झालेले.

धूर जाईपर्यंत कुसुम आणि मी विहिरीच्या कठड्यावर बसलो. ती पदराने राख झटकत होती.

"मागे एक स्थळ आलं होतं," ती म्हणाली. "मामांनी सांगितलं होतं, मुलगी गोरी आहे, नाकीडोळी नीटस आहे. वणांचं काही सांगितलं नाही. मी पोहे घेऊन गेले. मुलाच्या आईने माझ्याकडे बघितलं आणि बशी खाली ठेवली. एक घास पण खाल्ला नाही हो. मी एवढे चांगले केले होते." ती हसली, पण ते हसू पहिल्यासारखं नव्हतं. "मला नकार चालेल, वहिनी. मुंबईत बसून दिलेला चालेल. माझ्या पुढ्यात बसून दिलेला पुन्हा नको."

मी उठले आणि तिच्या आईकडे एक स्वच्छ पांढरं धोतर मागितलं.

ते धोतर आम्ही माजघरात दोरीवर आडवं बांधलं, कुसुमच्या एका बाजूला. आधी तोललेली दीड मासा पूड घेतली आणि धोतराच्या हिशेबाने आणखी एक मासा वाढवली. कारण ह्या वेळी मी बार तिच्यावर सोडणार नव्हते, धोतरावर सोडणार होते. धोतरावर आपटून जो उजेड येतो तो मऊ असतो. पावसाळी ढगांतून ऊन आल्यासारखा. तो वण लपवत नाही, पण बोट दाखवून दाखवतही नाही. अर्थात धोतर पेटू नये एवढं अंतर ठेवावं लागतं. दामूशेठांनी हातात पाण्याची कळशी घेऊन ठेवली होती.

ह्यांनी झाकण काढलं आणि नेमक्या त्याच वेळी आजीला उरलेल्या धुराने जोरात शिंक आली. कुसुमच्या ओठांच्या कडा हलल्या. मी चाप ओढला.

रत्नागिरीला येऊन आम्ही दोन्ही काचा धुऊन कागदावर छापल्या. पहिली आम्हाला अपेक्षित होती तशीच आली. पांढरं गोल तोंड, त्यात दोन भुवया, अर्धवट मिटलेले डोळे आणि तरंगणारी नथ. वण कुठेच नव्हते. तशी कुसुमही नव्हती. दुसरीचा छाप ह्यांनी उजेडात धरला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. वण होते. नाकाच्या शेंड्यावरचासुद्धा. पण बघणाऱ्याची नजर आधी डोळ्यांवर जायची आणि मग त्या सुरू होऊ घातलेल्या हसण्यावर. हे एवढंच म्हणाले, "हिच्या दोन्ही बाजू चांगल्या." ह्यांच्या तोंडून हे वाक्य मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

दोन्ही फोटो मी हेदवीला पाठवले. दामूशेठांनी अर्थातच पांढरा निवडला आणि मुंबईला निघालेल्या मेहुण्याच्या, म्हणजे कुसुमच्या मामाच्या हाती दिला. पुढचं मला नंतर कुसुमच्या आईने सांगितलं. मामाचं सामान बांधताना तिने दुसरा फोटो पहिल्याच्या मागे सरकवून दिला. नवऱ्याला विचारलं नाही आणि भावालाही सांगितलं नाही. "मला वाटलं, दोन्ही बघू देत," ती म्हणाली. "एकदा बशी ठेवलेली मी बघितली होती."

मुलगा गिरगावात एका छापखान्यात खिळे जुळवणारा कंपोझिटर होता. वसंत त्याचं नाव. मामा त्याच्या घरी गेला, पाकीट पुढे केलं. मुलाच्या आईने पांढरा फोटो पाहिला आणि तो तिला पसंत पडला. वसंताने दोन्ही हातांत धरले, आलटून पालटून पाहिले आणि मामाला विचारलं, "ह्या दोघी बहिणी का?"

मामा गडबडला. त्याला दुसऱ्या फोटोचा पत्ताच नव्हता. भाची एकच, फोटो दोन, आणि दोन्ही फोटोंत लुगडं तेच, नथ तीच. त्याने नुसती मान हलवली. ती होकाराची की नकाराची हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

वसंत म्हणाला, "मग थोरली की धाकटी ते मला माहीत नाही, पण विचारायचं असेल तर मला हिच्यासाठी विचारा." आणि त्याने हसरा फोटो पुढे केला.

"वण आहेत हो तिला," मामाच्या तोंडून निघून गेलं.

"दिसताहेत की," वसंत म्हणाला. "त्या दुसरीचं मात्र काहीच दिसत नाही."

मामा हेदवीला परतला तेव्हा दामूशेठांना काय झालं तेच कळेना. दोघी कुठल्या, दुसरी कोण, मुलगा कुठल्या मुलीला हो म्हणतोय? कुसुमच्या आईने मग चुलीपुढे बसल्या बसल्या सगळं सांगितलं. दामूशेठ उठून बाहेर ओटीवर जाऊन बसले. आजीने आत बसून निकाल दिला, "माझ्या शिंकेने झालं ते."

मुलगा आणि त्याची आई थोड्याच दिवसांत बोटीने आली. कुसुमने पोहे केले होते. ह्या खेपेला बशा रिकाम्या होऊन आत आल्या, वसंताची तर दोनदा. त्याच्या आईने मात्र सगळं घर नजरेखालून घातलं आणि शेवटी हळूच विचारलं म्हणतात, "आणि ती दुसरी कुठे आहे?"

लग्नाला दामूशेठांनी आम्हालाच बोलावलं. मी पूड तोलायला बसले तेव्हा ते शेजारी आले, काट्याकडे बघितलं, काहीतरी बोलणार होते, पण मग म्हणाले, "वहिनी, चहा पाठवतो," आणि निघून गेले. दामूशेठांच्या मानाने ही मोठीच माघार होती.

पुढे एकोणीसशे तीसचं दशक संपता संपता फोटोसाठी काचेचे दिवे आले. विजेच्या बल्बसारखे, आत चंदेरी कागद भरलेला, एकदा पेटवायचे आणि फेकून द्यायचे. धूर नाही, राख नाही, आवाज नाही. किती उजेड पडणार ते कारखान्यात ठरलेलं. ह्यांना ते फार आवडले. ह्यांनी पुन्हा स्वतःच्या हाताने घरोघरी फोटो काढायला सुरुवात केली आणि माझा काटा मी सोनाराला परत नेऊन दिला. मला त्याचं वाईट वाटलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. आणखी एका गोष्टीचं वाईट वाटतं. त्या काळी काच महाग म्हणून जुन्या प्लेटी खरवडून, धुऊन आम्ही खिडक्यांना, तसबिरींना विकून टाकायचो. कुसुमच्या त्या दोन्ही काचाही तशाच गेल्या. रत्नागिरीतल्या कुणाच्या तरी खिडकीतून आज बाहेरचा रस्ता दिसत असेल, आणि बघणाऱ्याला ठाऊकही नसेल की त्या काचेवर एकदा कोण हसलं होतं.

पण त्यांचे छापील फोटो मी नंतर एकदा पाहिले. मुंबईला भाचीच्या बारशाला गेले होते, तेव्हा वेळ काढून कुसुमच्या घरी गेले. दोन खोल्यांचा संसार, मुलं शाळेत गेलेली, खिडकीत तुळस. कुसुम जाड झाली होती, हसणं तेवढं तसंच राहिलं होतं. भिंतीवर दोन्ही फोटो शेजारी शेजारी, सारख्या चौकटींत.

"हा पांढरा कशाला लावलास?" मी विचारलं.

"ह्यांचा हट्ट. म्हणतात, मेहुणी आहे माझी, तिला कशी काढू?"

आम्ही चहा घेत होतो तेवढ्यात शेजारच्या नवीन बिऱ्हाडातल्या बाई विरजण मागायला आल्या. कुसुम आत गेली तशी त्यांची नजर भिंतीवर गेली. त्यांनी हसऱ्या फोटोकडे पाहिलं, मग पांढऱ्याकडे, आणि कुसुम वाटी घेऊन बाहेर येताच विचारलं, "ही तुमची बहीण का हो? बरीच गोरी आहे. कुठे दिली हिला?"

कुसुमने वाटी त्यांच्या हातात दिली. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"ती नाही आली हो मुंबईला," ती म्हणाली. "ती हेदवीलाच राहिली."